पानाखालची अक्षरे

मोबाइलवर आलेल्या एखाद्या मराठी पीडीएफमधल्या दोन ओळी उचलून व्हॉट्सॲपवर पाठवायचा प्रयत्न तुम्ही कधीतरी केला असेल. पडद्यावर टपोरे, स्वच्छ मराठी दिसत असते. बोट दाबून धरले, ओळ निळी झाली, कॉपी केली, दुसरीकडे चिकटवली, आणि तिथे उमटली इंग्रजी अक्षरांची खिचडी. ‘मराठी’ हा एक शब्द उचलला तरी पदरात पडतात पाच इंग्रजी अक्षरे: ई, जे, के, बी, एच. ‘फाइलच खराब दिसते’ म्हणत आपण ती ओळ हाताने टाइप करतो आणि विसरून जातो.

फाइल खराब नसते. तिच्या वर जे दिसते आणि पोटात जे आहे, ते दोन वेगळे असतात. ज्याला दिसते त्याला हा फरक वर्षातून एखाद्या वेळी, कॉपी करतानाच जाणवतो. ज्याला दिसत नाही, त्याची गाठ रोज त्या पोटातल्या मजकुराशीच पडते.

हे मला नीट कळले ते रिद्धपूरच्या एसटी थांब्यावर. चांदूर बाजारकडचा, माझ्या ओळखीचा एक दृष्टिहीन मुलगा माझ्यासोबत बसची वाट पाहत होता. फोन कानाशी धरून तो एक ऑनलाइन अर्ज भरत होता. बोट पडद्यावरून सरकत होते आणि फोन इतक्या भरभर बोलत होता की मला त्यातला एक शब्द लागेना. माझ्यासाठी त्याने वेग कमी केला. फोन म्हणाला, ‘लेबल नसलेले बटण.’ बोट पुढे गेले. ‘लेबल नसलेले बटण.’ आणखी पुढे. ‘लेबल नसलेले बटण.’

‘‘काका, आइका,’’ तो म्हणाला. ‘‘इथं तीन बटनं हायेत. एकानं फॉर्म जाते, एकानं पुसल्या जाते. कोनतं कोनतं, थे सांगतच नाही.’’

मी पडद्यावर पाहिले. तीन बटणे होती. हिरव्यावर बरोबरची खूण, लालवर फुली, निळ्यावर बाण. मला एका नजरेत कळले. फोनला कळले नव्हते, कारण त्याला ती खूण, ती फुली आणि तो बाण कोणी सांगितलाच नव्हता.

लाइट गेल्यावरचे स्वयंपाकघर

वऱ्हाडात भारनियमन काही नवे नाही. संध्याकाळी सातला लाइट गेली तरी घरात भाजीला फोडणी पडतेच. आई मेणबत्ती शोधत बसत नाही. मोहरीचा डबा डावीकडे पहिला, हळदीचा त्याच्या शेजारी, मिठाची बरणी चिनी मातीची, तिखटाच्या डब्याचे झाकण घट्ट. हात गेला की वस्तू सापडते आणि हातात आलेली वस्तू काय आहे तेही कळते. डबा हलका लागला तर मोहरी संपत आली, हेही समजते. त्याच आईला तशाच अंधारात परक्या स्वयंपाकघरात उभे करा. तिथे सगळे डबे एकसारखे, कुठलाही डबा कुठेही. फोडणी दूर राहिली, साखरेऐवजी मीठ पडेल या धास्तीने ती हातही घालणार नाही.

वेबच्या पानाचेही असेच असते. वेबसाइट बनवणारा माणूस जे लिहितो तो मुळात खुणांनी बांधलेला साधा मजकूर असतो. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे बटण, अशा त्या खुणा. ब्राउझर तो मजकूर वाचून दोन गोष्टी तयार करतो. एक म्हणजे रंग, चित्रे, अक्षरे यांनी नटलेले दृश्य, जे तुम्हाआम्हाला दिसते. दुसरी म्हणजे पानावरच्या प्रत्येक वस्तूची नोंद असलेली एक वंशावळ: या पानाच्या पोटात हे शीर्षक, शीर्षकाखाली ही यादी, यादीत या चार ओळी. दृष्टिहीन माणसाला पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. हा स्क्रीन रीडर मुख्यतः त्या वंशावळीशीच बोलतो. वरचे नटलेले दृश्य त्याच्या हिशेबात नसते.

वंशावळीतल्या प्रत्येक नोंदीत त्याला तीन गोष्टी हव्या असतात. वस्तूचे नाव काय, तिचे काम काय, आणि आत्ता तिची स्थिती काय. ‘अटी मान्य आहेत, चेकबॉक्स, खूण केलेली नाही’ एवढे कानावर पडले की काम भागते. हे अंधारातल्या डब्यासारखेच आहे: मोहरी, डबा, अर्धा भरलेला. एसटी थांब्यावरच्या त्या तीन बटणांना काम होते, नाव नव्हते. कित्येक ठिकाणी कामही नसते. बनवणाऱ्याने एक चौकोन रंगवलेला असतो आणि त्यावर क्लिक केले की काहीतरी घडेल, अशी सोय केलेली असते. दिसायला ते बटण, पण वंशावळीत ते बटण म्हणून नोंदलेलेच नसते. भिंतीवर दार रंगवावे तसे ते आहे. पाहणाऱ्याला दार वाटते, चाचपणाऱ्याच्या हाताला भिंतच लागते.

शीर्षकांचे तसेच. डोळस माणूस पान वरून खाली वाचत नाही, नजर टाकतो. मोठ्या अक्षरांवर थांबतो, नको ते ओलांडतो. स्क्रीन रीडर वापरणाराही तेच करतो. संगणकावर ‘एच’ ही एक कळ दाबली की पुढचे शीर्षक, पुन्हा दाबली की त्यापुढचे. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्र या ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग आहेत आणि आत एकेक लीळा वेगळी आहे, म्हणून हवी ती लीळा काढता येते. सगळ्या लीळा एका दमात, खंड न पाडता लिहिल्या असत्या तर वाचणाऱ्याचे काय झाले असते? पुष्कळ मराठी पानांवर हेच होते. लिहिणारा शीर्षक नुसते ठळक आणि मोठे करतो. डोळ्याला ते शीर्षक वाटते, पोटात मात्र तो एक जाड परिच्छेद असतो. ‘एच’ दाबले की संगणक म्हणतो, शीर्षक नाही. मग साठ ओळी एकामागून एक ऐका.

रिद्धपूरच्या दोन गोष्टी

रिद्धपूर महानुभावांची काशी. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू यांचे गाव, राजमठाचे गाव. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले ते इथेच, वाजेश्वरीच्या परिसरात. मराठीत गद्य ग्रंथाची वाट इथून सुरू होते. कवयित्री महदाइसेचे धवळे, म्हणजे लग्नगीते, घडले तेही इथेच.

या गावाच्या परंपरेतल्या दोन गोष्टी मला या विषयात पुन्हा पुन्हा आठवतात. केशवराज सूरी हे पंथातले संस्कृतचे मोठे पंडित. ते स्वामींचे विचार संस्कृतात बांधत होते. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवले. आचार्यांचे कारण असे की, संस्कृतात लिहिलेत तर आपल्या पंथातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या बाया त्याला मुकतील. ज्ञान खरे असून भागत नाही, ते ज्याच्यासाठी आहे त्याच्या कानी पडले पाहिजे, ही जाण आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी होती.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची. पुढच्या शतकात पंथाने तेच मराठी ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यातली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध, सुंदरी वगैरे आणखीही होत्या. ग्रंथ अनधिकारी हातांत पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. युक्ती सोपी होती: नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे चिन्ह. ज्याच्याकडे किल्ली, त्याला सारे मराठी. ज्याच्याकडे नाही, त्याला नुसत्या आकृत्या. किल्ली पंथाबाहेर आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या पोथ्या वाचल्या, तेव्हा मराठी साहित्याचा जुना काळ उजेडात आला. तोवर काही शतके ती मराठी मराठी माणसाच्या घरात असून त्याला वाचता येत नव्हती.

कोणीही न ठरवता लागलेले कुलूप

आता त्या पाच इंग्रजी अक्षरांकडे परत येऊ. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक अक्षरामागे एक आकडा साठवलेला असतो. जुन्या काळी या आकड्यांना जागा होत्या फक्त २५६, आणि त्यातल्या मोक्याच्या जागा इंग्रजीने आधीच धरलेल्या. मराठी कुठे बसवायची? फाँट बनवणाऱ्यांनी वाट काढली. जागा इंग्रजीचीच ठेवली, तिच्यावर चित्र मात्र मराठी अक्षराचे चढवले. आपल्याकडे टायपिंगच्या दुकानांत आणि छपाईत वर्षानुवर्षे चाललेल्या कृतिदेव फाँटमध्ये इंग्रजी ‘ई’च्या जागेवर ‘म’चे चित्र आहे, ‘जे’च्या जागेवर ‘र’चे, ‘के’च्या जागेवर काना, मोठ्या ‘बी’च्या जागेवर ‘ठ’, ‘एच’च्या जागेवर दुसरी वेलांटी. तुम्ही ‘मराठी’ लिहिता, संगणक साठवतो १०१, १०६, १०७, ६६, १०४. हे आकडे इंग्रजी अक्षरांचे. फाँट आहे तोवर पडद्यावर मराठी. फाँट काढला, की खाली जे आहे ते उघडे पडते.

स्क्रीन रीडर फाँट पाहत नाही, आकडे वाचतो. म्हणून सुंदर मराठीत छापलेले आख्खे पान तो ‘ई जे के बी एच’ या चालीत वाचून दाखवतो. सकळ लिपी आणि कृतिदेव यांची रचना अक्षरशः एकच आहे, एकाच्या जागी दुसरे. पण सकळ लिपीला निदान एक किल्ली होती आणि ती कोणाकडे आहे हे ठाऊक होते. इथे प्रत्येक कंपनीच्या फाँटची किल्ली निराळी. एका फाँटमधला ‘म’ दुसऱ्यात ‘ग’ होतो, तिसऱ्यात काहीच नाही. शिवाय हे कुलूप कोणी मुद्दाम लावलेले नाही. कारकुनाने पत्र टाइप केले, दुकानदाराने पत्रिका छापली, संपादकाने अंक लावला, सगळ्यांनी आपापले काम चोख केले, आणि लाखो पानांची मराठी अंध वाचकापुरती सांकेतिक होऊन बसली.

एक बारकावा पाहण्यासारखा आहे. ‘किती’ हा शब्द घ्या. आपण आधी ‘क’ म्हणतो आणि त्याला ऱ्हस्व इकार लावतो. पण कागदावर पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे येते. कृतिदेवमध्ये ती आधीच टाइप करावी लागते, कारण तिथे शब्द लिहिला जात नाही, चितारला जातो. डावीकडचे चित्र आधी, उजवीकडचे नंतर.

युनिकोडने हा पाया बदलला. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कोणाचा नसलेला आकडा, ही त्यामागची कल्पना. ‘म’ म्हणजे २३५०, ‘र’ म्हणजे २३५२, काना २३६६, ‘ठ’ २३३६, दुसरी वेलांटी २३६८. फाँट कोणताही असो, आकडे हेच. ‘किती’ साठवताना आधी ‘क’, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी डावीकडे काढायची हे काम चित्र काढणाऱ्याकडे सोपवले. मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला, की त्याला वाचता येते, शोधता येते, कॉपी करता येते, ब्रेलमध्ये उमटवता येते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने फुकट मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरे तेवढी एकदा तपासावी लागतात.

फोटो काढलेली अक्षरे

फाँटपेक्षा मोठे दुखणे आता दुसरेच आहे. कार्यालयात एक परिपत्रक तयार होते. ते आधी संगणकावर, बहुतेक वेळा युनिकोडमध्येच, टाइप होते. मग त्याची प्रिंट निघते, सही होते, शिक्का बसतो, कागद स्कॅनरवर जातो आणि जी पीडीएफ संकेतस्थळावर चढते ती त्या कागदाचा फोटो असते. अक्षरे हाताशी होती. आपण त्यांचा फोटो काढला आणि अक्षरे टाकून दिली. स्क्रीन रीडर अशा पानावर आला की म्हणतो ‘चित्र’, आणि पुढे सरकतो. दिव्यांगांच्याच एखाद्या योजनेची माहिती या रूपात टाकलेली पाहिली की मला फार वाईट वाटते.

फोटोतून अक्षरे ओळखणारी साधने आहेत आणि ती सुधारत चालली आहेत. पण शिक्क्याखाली गेलेली तारीख, तिरका कागद, पुसट झालेले जोडाक्षर यांवर ती अडखळतात. ‘१५ पूर्वी’ आणि ‘१६ पूर्वी’ यांत चूक झाली की अर्ज गेला. उपाय फुकटचा आहे. सही-शिक्क्याची प्रत हवी तर ठेवा, तिच्या शेजारी टाइप केलेली मूळ फाइलही ठेवा. डिजिटल सही वापरली तर छापून पुन्हा फोटो काढायची गरजच उरत नाही.

आणखी एक छोटी खूण मराठी पानांवर सर्रास राहून जाते: हे पान कोणत्या भाषेत आहे याची. पानाच्या खुणांच्या मजकुरात अगदी सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरांत ते लिहायचे असते, मराठीसाठी ‘एमआर’. ती नसली किंवा तिथे इंग्रजी लिहिलेले असले, तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि काही आवाज देवनागरी चक्क गाळतात. हिंदी लिहिले असेल तर हिंदी आवाज मराठी वाचतो: ‘ळ’ घसरतो, चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ एक होतात. कळते, पण दिवसभर तसे ऐकावे लागले तर डोके दुखते.

चित्राला शब्द, चौकटीला नाव

चित्रामागे शब्द लिहिण्याची सोय वेबवर पहिल्यापासून आहे. त्याला पर्यायी मजकूर म्हणतात. समजा, राजमठाचा फोटो आहे. त्यामागे ‘फोटो’ असे लिहिणे निरुपयोगी, कारण चित्र आहे हे फोन आधीच सांगतो. कॅमेऱ्याने दिलेला लांबलचक क्रमांक त्याहून वाईट, कारण फोन तो आकडा न् आकडा वाचत बसतो. काय लिहायचे ते फोटो तिथे कशासाठी आहे यावर ठरते. यात्रेची माहिती असेल तर ‘राजमठाचे प्रवेशद्वार आणि दर्शनाची रांग’. वास्तूवरचा लेख असेल तर दगड, कमान, पायऱ्या. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर मजकूर रिकामा ठेवायचा, म्हणजे फोन ती मुकाट्याने ओलांडतो. लग्नपत्रिकेपासून भरतीच्या जाहिरातीपर्यंत सगळे आता चित्र म्हणूनच फिरते. खाली चार ओळी टाइप केल्या तरी वाचणाऱ्याचे काम होते.

अर्जाच्या चौकटीला नाव लागते. पुष्कळदा ते चौकटीच्या आतच फिकट अक्षरांत लिहिलेले असते आणि टाइप करायला लागले की नाहीसे होते. ज्याची आठवण थोडी कमी आहे, अशा म्हाताऱ्या माणसालाही मग कळत नाही की इथे वडिलांचे नाव लिहायचे होते की आडनाव. नाव बाहेर लिहावे आणि ते त्या चौकटीशी बांधावे, म्हणजे बोट चौकटीवर गेले की फोन नाव सांगतो. चूक झाली तर चौकट नुसती लाल करू नये, ‘पिनकोड सहा अंकी हवा’ असे शब्दांत लिहावे.

आणि ती वाकडीतिकडी अक्षरे, ‘मी यंत्र नाही’ हे सिद्ध करणारी, म्हणजे कॅप्चा. यंत्राला वाचता येऊ नये म्हणूनच ती वाकडी केलेली असतात. अंध माणसाचे डोळे म्हणजे यंत्रच. त्यामुळे दाराशीच त्याची अडवणूक होते. ऐकण्याचा पर्याय ठेवला तर तो आत येतो, आणि माणूस ओळखायच्या याहून सौम्य रीतीही आता आहेत.

त्या दिवशी एसटी थांब्यावर तो अर्ज शेवटी मी भरला. त्याने आधार क्रमांक सांगितला, मी टाइप केला. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला. बँक खाते सांगितले. अपंगत्वाची टक्केवारी मोठ्याने सांगितली, कारण शेजारून ट्रॅक्टर जात होता. बाकावर आणखी चारजण बसले होते. कोणी मुद्दाम ऐकत नव्हते, पण ऐकू सगळ्यांनाच येत होते.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचण्या-लिहिण्याची ही वेळ नवी नाही. रिद्धपूरच्याच जिल्ह्यात प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज होऊन गेले. १८८१ ते १९१५ इतकेच आयुष्य, तान्हेपणी दृष्टी गेलेली, तरी शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. त्यांना कोणीतरी वाचून दाखवायचे आणि कोणीतरी लिहून घ्यायचे. आज तो वाचणारा खिशात बसतो. संगणकावरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केला, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि तो फुकट मिळतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेल्या, दृष्टिहीन माला पापळकर यांनी २०२४ साली लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण केली. अभ्यास करणारी मुले आहेत, वाचणारे यंत्र आहे, मधले पान तेवढे नीट लिहायचे आहे.

माऊस न धरणारा हात, उन्हात उभा असलेला डोळा

ज्याचा हात थरथरतो, ज्याला एकच हात आहे, जो तोंडात काडी धरून कळा दाबतो, त्याला माऊस चालत नाही. तो ‘टॅब’ कळीने एका दुव्यावरून दुसऱ्यावर जातो. आपण कुठे आहोत हे सांगणारी बारीक चौकट त्याच्याबरोबर सरकते. काही रचनाकार ती चौकट दिसायला बरी वाटत नाही म्हणून काढून टाकतात. रात्रीच्या वाटेवर कोणाच्या हातातली बॅटरी काढून घ्यावी, तसे ते आहे. दुसरा त्रास म्हणजे पडद्यावर अचानक उघडणारी जाहिरात, जी कळफलकाने बंदच होत नाही. माणूस तिच्यात अडकून पडतो.

ऐकू न येणाऱ्याला व्हिडिओखाली शब्द लागतात. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी छापील मराठी ही दुसरी भाषा असते, म्हणून खुणांच्या भाषेतला दुभाषीही हवा. भारतीय सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय केंद्राने केलेल्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द जमा झाले.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाला एक माप आहे. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१ ला १. साध्या मजकुराला हा फरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावरचा फिकट राखाडी मजकूर या मापात बसत नाही. मोतीबिंदू झालेल्या आजीला तो दिसत नाही, आणि मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या बागेत मे महिन्याच्या उन्हात फोन धरून उभ्या असलेल्या तिच्या धडधाकट नातवालाही दिसत नाही.

भाषेचेही माप असावे. ‘उपरोक्त विषयान्वये सदरहू प्रस्ताव’ असे लिहिलेले कोणाला कळते? बौद्धिक अडचण असलेल्याला नाहीच, त्याच्या आईलाही नाही. नागदेवाचार्यांची हरकत इथे जशीच्या तशी लागू होते.

कायदा काय सांगतो

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यातले सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. ती मोजणी दिव्यांगतेचे मोजकेच प्रकार धरून होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता आले पाहिजे, असे बंधन घातले. जगभर यासाठी जी नियमावली वापरतात तिची पहिली आवृत्ती १९९९ ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. तिचा गाभा चार शब्दांत मावतो: मजकूर जाणवावा, हाताळता यावा, समजावा, आणि कोणत्याही साधनावर टिकावा. सरकारी संकेतस्थळांसाठी भारताची स्वतःची नियमावलीही २००९ पासून आहे.

नियम होते, पण ‘करावे’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांत अंतर राहिले होते. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवले. नियमांतला एक भाग नुसत्या शिफारशींसारखा आहे म्हणून रद्द केला आणि बंधनकारक किमान नियम तीन महिन्यांत करा, असे केंद्राला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. ॲसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या स्त्रियांना बँकेच्या ऑनलाइन ओळखपडताळणीत ‘पापण्या मिटा’ असे सांगितले जात होते. ज्यांना पापण्याच हलवता येत नाहीत त्यांनी काय करावे? न्यायालयाने २० निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले.

चौकट: आपले पान आपणच तपासा
एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. मराठी उमटली तर पाया ठीक आहे. ओळ निवडलीच जात नसेल तर तो फोटो आहे.
माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या ‘टॅब’ने अर्ज शेवटपर्यंत भरून पाहा.
फोनमध्ये टॉकबॅक सुरू करा. एकदा स्पर्श केला की फोन नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली की काम करतो. बहुतेक फोनमध्ये आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद दाबल्या की तो बंद होतो. डोळे मिटून पाच मिनिटे आपलेच पान वापरा.
व्हिडिओचा आवाज बंद करा. काय चालले आहे ते कळते का?
रंग काढून टाकले तरी ‘लाल म्हणजे बंद’ हे कळेल का?

पोथी ऐकू यावी म्हणून

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. महानुभावांच्या पोथ्यांचे डिजिटल फोटो निघावेत, हे ओघाने आलेच. फोटो हवेतच. हाताचे वळण, शाई, कागद ते जपतात. पण प्रत्येक पानाच्या फोटोशेजारी त्याचे युनिकोडमधले लिप्यंतर असेल, लीळांना खरी शीर्षके असतील आणि पानावर ‘एमआर’ लिहिलेले असेल, तर चांदूर बाजारचा मुलगा त्यातली हवी ती लीळा एका कळीने काढून ऐकेल. सकळ लिपी उकलणाऱ्यांचे काम तिथे आणखी एक पाऊल पुढे जाईल.

हा लेख लिहून झाल्यावर मी त्यालाच पाठवला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

‘‘काका, चांगलं हाय. पन यात शीर्षक एकच सांगून राह्यला.’’

मी फाइल उघडली. उपशीर्षके मी नुसती ठळक केली होती. प्रत्येकाला शीर्षकाची खूण लावली आणि फाइल पुन्हा पाठवली.

‘‘आता नऊ सांगते,’’ तो म्हणाला. ‘‘थांबा, लाइट गेल्यावरचं पयले आइकतो.’’